टर्बो गाडीला मोठा कॅम: घालावा की राहू द्यावा?

उद्यमनगरकर
रविवारी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर हा वाद झाला. तिथं ज्याचा आवाज मोठा तो जिंकला, म्हणून इथं परत काढतोय.

माझी लिनिया टी-जेट. १३६८ सीसी, कंपनीचे आकडे ११४ अश्वशक्ती आणि २०७ न्यूटन-मीटर. रिमॅप झालाय (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललंय), टर्बो मूळचाच. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते. ओळखीचा एक ग्राइंडिंगवाला म्हणतो, "तुझेच कॅम आण, २७२ ड्युरेशनचे करून देतो. वर नुसती बोंब मारंल गाडी."

माझं मत स्पष्ट आहे. मूळ टर्बोवर मोठा कॅम म्हणजे पदरचे पैसे देऊन ताकद घालवणं. बिनटर्बोच्या इंजिनात बाहेर पळणारा धूर जाता जाता ताजी हवा ओढून घेतो, म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे राहिले (हाच ओव्हरलॅप) तर फायदा होतो. टर्बोत बाहेरच्या वाटेवर टर्बाइन (धुरानं फिरणारा टर्बोचा पंखा) बूच मारून बसलेलं असतं. छोट्या टर्बोत वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला (धुराच्या वाटेतला) दाब बूस्टच्या (टर्बोनं आत कोंबलेल्या हवेच्या दाबाच्या) दीडपट-दुप्पट होऊ शकतो. मग ओव्हरलॅपमध्ये जळका धूरच उलटा सिलिंडरात शिरणार. आतलं मिश्रण तापतं, नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटणं) सुरू होतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागं घेतो. संपला विषय.

कंपनीचे आकडेच बघा. टॉर्क २२०० ला, ताकद ५००० ला. त्याच्या वर हा टर्बो दमतो. कॅम ६५०० ला मोठा घास घ्यायला तयार, पण ताटात वाढणार कोण?

पन्हाळा_सेकंड_गिअर
दादा, टर्बोचं पाप तुम्ही कॅमच्या माथी मारताय.

माझी जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टी, वीस व्हॉल्व्हची. टर्बो मोठा घातला आणि मॅनिफोल्डला गेज लावून मागचा दाब मोजला. बूस्ट १.४ बार, मागचा दाब १.५. जवळपास सारखाच. असं असेल तर धूर उलटा येईल कशाला? मग कॅम घातले. गेजवर बूस्ट आधीपेक्षा कमी दिसायला लागला, मित्र म्हणाले टर्बो गेला. गाडी मात्र आधीपेक्षा जास्त पळत होती. बूस्ट म्हणजे दारात ताटकळलेली हवा. दार मोठं केलं की गर्दी आत जाते आणि दारातला दाब उतरतो. बूस्टच्या आकड्यावर गाडीची ताकद सांगणाऱ्यांना हे पटत नाही.

"टर्बोला कॅम नको" हा छोट्या टर्बोच्या काळातला नियम आहे. तो सगळ्यांच्या गळ्यात बांधू नका.

उद्यमनगरकर
मोठं टर्बाइन घातलं की गोष्टच वेगळी, मान्य. पण मी "मूळ टर्बो" असं दोनदा लिहिलंय, भावा. आणि पन्हाळ्याच्या चढाला वळणातून बाहेर पडताना तुझी गाडी ३००० च्या खाली काय करते, तेही सांग की.

पन्हाळा_सेकंड_गिअर
झोपते. खोटं कशाला बोलू. नाव उगंच घेतलं नाही, वाघबीळपासून वर सेकंडच लागतो.

कागलचा_शिकाऊ
एक अडाणी प्रश्न. दुकानदार विचारतो, "एलएसए किती पाहिजे?" हे एलएसए काय असतं?

उद्यमनगरकर
इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) मध्यांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत. दोन्ही ड्युरेशनची सरासरी घे, त्यातून एलएसएची दुप्पट वजा कर, ओव्हरलॅप मिळतो. २७२ चे दोन्ही कॅम, एलएसए ११०: २७२ वजा २२०, म्हणजे ५२ अंश. २६४ चे घेऊन एलएसए ११४ केला तर २६४ वजा २२८, म्हणजे ३६. टर्बोवाले ११२ ते ११६ मागतात ते यासाठीच. आणि ड्युरेशन किती लिफ्टवर (व्हॉल्व्ह किती उचलल्यावर) मोजलंय ते आधी विचार. एकजण व्हॉल्व्ह हलल्यापासून मोजतो, दुसरा १ मिमी लिफ्टपासून. दोघांचे २६४ सारखे नसतात.

ओतकाम_शिरोली
तुमचं ओव्हरलॅप चालू द्या. मला ते "तुझेच कॅम आण" खटकलं.

मी फौंड्रीत असतो. चिल्ड कास्ट आयर्नचा कॅम ओतताना साच्यात लोबच्या जागी लोखंडी चिल बसवतात. रस तिथं लागला की झटकन गारठतो आणि पांढरं बीड तयार होतं. त्यावर कानस मारली तरी नुसती घसरते. पण ही कडक साल थोड्याच मिलिमीटरची, आत साधं मऊ बीड.

ग्राइंडिंगवाला धातू चढवत नाही, काढतो. लोबचं नाक आहे तेवढंच राहणार, तेव्हा लिफ्ट वाढवायची तर खालचं बेस सर्कल (लोबचा गोल भाग) बारीक करायचं. १ मिमी लिफ्ट पाहिजे तर बेस सर्कलची त्रिज्या १ मिमीनं उतरली. ती फट हायड्रॉलिक टॅपेटनं (कॅम आणि व्हॉल्व्हमधला, तेलाच्या दाबावर चालणारा तुकडा) भरून काढायची. त्याची धाव संपली की सकाळी गाडी चालू केल्यावर टकटक, आणि तेल गरम झालं तरी टकटक.

गेल्या साली एक पोरगं असाच कॅम घेऊन आलं होतं. लोबच्या बाजूवर वाळूच्या कणाएवढे खड्डे, नख फिरवलं की अडकत होतं. ग्राइंडिंग सालीच्या पार गेलं होतं. दोन महिने चालला म्हणाला. करायचंच असेल तर कॅम कुठल्या जातीचा आहे, साल किती उरणार, हे आधी तपासा. नाहीतर नवीन बिलेट (सलग पोलादातून कोरलेला) कॅम घ्या आणि खिसा सांभाळा.

पन्हाळा_सेकंड_गिअर
याला माझा दंडवत. माझे नवीनच होते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगही बदलल्या. १.२ बार बूस्ट, २८ मिमीचा इनटेक व्हॉल्व्ह धरला तर मागून साडेसात किलोचा रेटा बसतो.

ओतकाम_शिरोली
व्हॉल्व्ह मिटताना सिलिंडरातही जवळपास तेवढाच दाब असतो, तेव्हा साडेसातातलं फार काही उरत नाही. खरी काळजी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची. मागचा दाब जास्त असेल तर इनटेक स्ट्रोकला तो सीटवरून उचलायला बघतो. आणि उगंच कडक स्प्रिंग घातली की लोब आणखी लवकर खातो. सालीचं वर सांगितलंच आहे.

टीएसआयवाला
माझ्या टीएसआयमध्ये (फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन) खालच्या आरपीएमला कंपनीच मुद्दाम ओव्हरलॅप वाढवते, व्हेरिएबल टायमिंगनं. तेव्हा बूस्ट मागच्या दाबापेक्षा जास्त असतो, हवा आरपार जाऊन टर्बाइनला ढकलते. म्हणजे ओव्हरलॅप वाईटच असं कुठं आहे?

उद्यमनगरकर
तुझं पेट्रोल थेट सिलिंडरात पडतं, तेही एक्झॉस्ट मिटल्यावर. माझं इनटेक पोर्टमध्ये. आरपार हवा गेली की पेट्रोलही गेलं, आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर लालभडक.

ऑडीनं २०१५ ला २.० टीएफएसआयचं नवीन इंजिन दाखवलं, त्यात इनटेकचं उघडं राहणं १९०-२०० अंशांवरून १४० वर आणलं. मोठा नव्हे, छोटा कॅम! उद्देश मायलेजचा होता हे खरं, पण टर्बो असला की काय काय जमतं ते बघ.

कावळा_नाका
पीयूसीचं कोण बोलणार? मोठ्या कॅमनं आयडलला हायड्रोकार्बन वाढतात, आणि तपासणी आयडललाच होते. शिवाय गाडीत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

उद्यमनगरकर
ट्रॅकवरच्या गाडीचं म्हणाल तर ठीक, माझी रोज ऑफिसला जाते. म्हणून तर नको म्हणतोय.

तरी पन्हाळावाल्यांचं एक मानलं: मी मागचा दाब मोजलेला नाही, नुसता अंदाज सांगतोय. येत्या शनिवारी मॅनिफोल्डला बंग (गेज बसवायचा आट्यांचा तुकडा) वेल्ड करून गेज लावतो आणि डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ५५०० पर्यंत नेतो. दाब बूस्टच्या आसपास निघाला तर तुमच्यासमोर कान पकडीन. दीडपट निघाला तर कॅमचे पैसे टर्बोत.

पन्हाळा_सेकंड_गिअर
गेजच्या आधी तांब्याची नळी मीटरभर तरी गुंडाळून घाला. मी पहिल्या खेपेला रबरी पाइप लावला होता, बॉनेट उघडेपर्यंत त्याचं डांबर झालं.