मर रोगाची बुरशी बदलत नाही, असं कोणी सांगितलं?

काळी_कसदार (परभणी): उदगीरच्या भाऊंनी काल लिहिलं, "हरभऱ्याच्या मरची बुरशी लैंगिक प्रजनन करत नाही, म्हणजे ती बदलत नाही. प्रतिकारक वाण मेला की समजा बियाणं बोगस." मरच्या या बुरशीची, म्हणजे फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरमची, लैंगिक अवस्था कोणाला दिसलेली नाही, हे खरं. पण म्हणून ती बदलत नाही? हरभऱ्यावर तिच्या 8 रेस, म्हणजे उपप्रकार, नोंदल्यात, त्या कुठून आल्या? उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत आपोआप होणारा बदल, होतंच. शिवाय 2010 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, की टोमॅटोवरच्या फ्युजॅरियमचं अख्खं गुणसूत्र निरुपद्रवी फ्युजॅरियममध्ये गेलं आणि तीही टोमॅटो मारायला लागली. मिलन नाही, काही नाही.

उदगीरकर: टोमॅटो राहू द्या. माझा हरभरा घाटे धरायच्या आत वाळला. दुकानदार म्हणतो, "रोग बदललाय." पावती मागितली तर कच्ची चिठ्ठी! तुमचं विज्ञान त्याच्याच कामी येतंय.

अंबाजोगाईची_लेक: कच्ची चिठ्ठी घेतलीच कशाला? पिशवी, टॅग, मूठभर बी पीक निघेपर्यंत जपायचं. तालुक्याची तक्रार निवारण समिती पुरावा मागते.

बांधावरचा_बाप्या: ताई, उधारीवर माल उचलणाऱ्याला पक्की पावती कोण देतो? आधी ऊस-सोयाबीनचे पैसे वेळेवर मिळू द्या, मग शिकवा.

अंबाजोगाईची_लेक: माझ्या वडिलांनीही उधारीवरच शेती केली. पावतीसाठी दुकानात बसून राहायचे. आवाज चढवू नका.

काळी_कसदार: पावतीचं भांडण खरं आहे, बोगस बियाणंही विकलं जातं, मान्य. पण भाऊ, खोड उभं चिरलं होतं का? मर असेल तर आत तपकिरी-काळी रेघ दिसते. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे असतील तर ती स्क्लेरोशियम या दुसऱ्या बुरशीची कूज. वाण जॅकी असो की विजय, प्रतिकार मर रोगाला आहे; म्हणून तो कुजेलाही असेलच असं नाही.

उदगीरकर: चिरलं नाही. उपटून बांधावर टाकलं. पण लैंगिक नसलेली बुरशी एवढी उलथापालथ करते, हे अजून पटत नाही.

काळी_कसदार: गव्हाच्या तांबेरा रोगाच्या बुरशीचं मिलन बार्बेरीवर होतं, आपल्याकडे त्या झुडपाचा वाटा नाही, हे वनस्पतीरोगशास्त्रज्ञ के. सी. मेहतांनी दाखवून दिलं. तरी तांबेरा येतोच. युगांडात सापडलेला तांबेऱ्याचा यूजी-99 हा प्रकार तर या बुरशीच्या दोन वंशांत अख्ख्या केंद्रकाची अदलाबदल होऊन, मिलनाशिवाय तयार झाला, असं 2019 मध्ये कळलं.

उदगीरकर: बरं, बदलते म्हणा. म्हणून दुकानदार सुटला नाही.

काळी_कसदार: नाही सुटला. पण त्याच रानात परत हरभरा पेरू नका. ही बुरशी पिकाशिवायही मातीत सहा-सहा वर्षं टिकते.

बांधावरचा_बाप्या: सोयाबीन निघालं की ओलीवर हरभराच परवडतो. दुसरं काय पेरावं, तेवढं सांगा.