घरासमोरच्या अंगणासाठी फुलझुडपं सुचवा: एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला सावली, पाणी क्षाराचं

उंबरठा
नमस्कार. घरासमोर फुलझुडपं लावायची आहेत, त्यासाठी सल्ला हवा आहे. जागेची माहिती जमेल तितकी नेमकी देते.

घर पूर्वाभिमुख. फाटकापासून दारापर्यंत ४ फुटांची फरशीची वाट, तिच्या दोन्ही अंगांना १० बाय १० फुटांचे वाफे. डाव्या वाफ्यात सकाळी ७ ते दुपारी १ थेट ऊन. उजव्या वाफ्यावर शेजारच्या मोठ्या झाडाची सावली, तिथे जेमतेम ३ तास. दोन्हीकडे घराच्या भिंतीत खिडकी आहे, तिचा कठडा जमिनीपासून ३ फुटांवर. माती काळी, पावसात चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी. पाणी बोअरचं, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतं. घरात ३ वर्षांचं मूल आहे.

वर्षभर काही ना काही फुललेलं असावं, फाटकातून पाहताना अंगण भरलेलं दिसावं आणि खिडक्या झाकल्या जाऊ नयेत, एवढी अपेक्षा. रोज पाणी घालता येईल, छाटणी मात्र वर्षातून दोन-तीनदाच. मनात एक्झोरा, अनंत, जास्वंद, बोगनवेल आणि कण्हेर आहेत. काय ठेवावं, काय गाळावं?

मातकट
झाडांची यादी ठरवण्याआधी एक छोटी तपासणी करा. दोन्ही वाफ्यांतली मूठभर कोरडी माती वेगवेगळ्या वाटीत घ्या आणि तिच्यावर चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. तुमच्या पाण्याचं वर्णन पाहता फसफसण्याचीच शक्यता जास्त. तसं असेल तर एक्झोरा आणि अनंत जमिनीत लावू नका. दोन्ही आम्लधर्मी मातीची झाडं आहेत. चुनखडीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कळ्या बारीक होतात आणि झाड दोन वर्षांत खुरटतं. भिंतीच्या पायाशी ते आणखी लवकर होतं, कारण बांधकामाच्या वेळी पडलेलं सिमेंट आणि चुना तिथल्या मातीत असतोच.

गंधक घालून माती आम्ल करा असं पुष्कळ जण सुचवतात. मोकळा चुना असलेल्या जमिनीत तो उपाय टिकत नाही. चुना गंधकाचं आम्ल खाऊन टाकतो, आणि तुमचं पाणी रोज नवा चुना आणून ओततं.

दुसरी तपासणी निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरून पट्टीने मोजा. तासाला इंचभर तरी पाणी उतरायला हवं. त्याहून कमी उतरलं तर प्रत्येक झाडाला वेगळा खोल खड्डा करून त्यात हलकी भुसभुशीत माती भरू नका. काळ्या जमिनीतला असा खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो आणि मुळं आतल्या आत कुजतात. त्याऐवजी पूर्ण वाफा फूटभर खणा, वर ३ इंच कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पसरून मिसळा आणि वाफा आजूबाजूपेक्षा ६ इंच उंच करा. १० बाय १० फुटांच्या एका वाफ्याला ३ इंचांच्या थरासाठी २५ घनफूट खत लागतं. आकडा मोठा वाटेल, पण काळ्या मातीत खरा फरक इथेच पडतो. नुसती वाळू मिसळू नका. थोड्या वाळूने चिकणमाती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर दगडासारखी घट्ट बसते.

रानजाई
मातकट यांच्याशी पूर्ण सहमत. आता झाडांकडे.

कण्हेर यादीतून आजच काढा. पान, फूल, काडी, बी, सगळंच विषारी आहे आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. छाटलेल्या फांद्या जाळल्या तर धूरही घातक. लहान मूल असलेल्या घराच्या अंगणात तिला जागा नाही. हेच पिवळ्या कण्हेरीचं, म्हणजे बिट्टीचं. दुरांटाच्या केशरी फळांचे घोस मुलांना फार आकर्षक वाटतात, तेही विषारी आहेत, म्हणून तोही नको. घाणेरीची हिरवी फळंही तशीच, शिवाय ती बियांनी आसपास पसरते.

डाव्या, उन्हाच्या वाफ्यासाठी:
जास्वंद एकच, वाट आणि खिडकी या दोन्हींपासून लांबच्या कोपऱ्यात. ती ५ ते ६ फूट उंच आणि तितकीच रुंद होते. रोप ठेवताना आज दिसतंय ते नाही, तीन वर्षांनंतरचं झाड डोळ्यांसमोर आणा. खोड कुंपणाच्या दोन्ही भिंतींपासून ३ फुटांवर हवं.
खिडकीखाली बुटकी तगर, दोन-दोन फुटांवर ५ रोपं. अडीच फुटांवर सहज रोखता येते, पानं वर्षभर हिरवी राहतात आणि चुन्याची फारशी तक्रार नसते. तिचा पांढरा चीक डोळ्यांत जाणार नाही एवढं मात्र पाहा, छाटणीच्या वेळी मुलाला लांब ठेवा.
पुढे पेंटास, दीड फुटावर. फुलपाखरं हमखास येतात. दोन-तीन वर्षांत झाड लाकडी होऊन फुलं कमी होतात, तेव्हा काड्या लावून नवी रोपं तयार ठेवायची.

उजव्या वाफ्यासाठी:
मागच्या कोपऱ्यात दुहेरी तगर एक. सावलीत फुलं थोडी कमी येतात, पण पांढरा रंग अंधाऱ्या कोपऱ्याला उठाव देतो. लाल किंवा जांभळं फूल तिथे फाटकातून दिसणारच नाही.
खिडकीखाली अबोली, दीड फुटावर ५.
कुंपणाच्या भिंतीकडे निळी कोरांटी ३. पावसाळा सरताना फुलायला लागते आणि थंडीत भर देते. जास्वंद थंडीत मंदावते, तेव्हा हिचा खरा उपयोग.

सावली आहे म्हणून कामिनी सुचेल कुणाला. ३ तास उन्हात ती पानांचीच होते, आणि जवळ लिंबू-संत्र्याचं झाड असेल तर तिला लावूच नये. लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणारी सायला कीड तिच्यावर पोसली जाते.

छाटणीवाला
बोगनवेलीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सहा तास ऊन तिला चालेल, पण रोज पाणी मिळणाऱ्या, खतावलेल्या वाफ्यात ती नुसती पालाच वाढवेल. मुळाशी माती चांगली वाळली की मग ती रंगते. जास्वंदीला नेमकं उलटं हवं असतं. एका वाफ्यात, एका नळीवर या दोघी नांदत नाहीत. वाटेकडेला तिचे काटे अंगाला लागतील ते वेगळंच. हवीच असेल तर १४ इंची कुंडीत, वाटेपासून बाजूला ठेवा.

छाटणी दोन-तीनदाच करणार असाल तर ती कधी करायची हे महत्त्वाचं. जास्वंद नव्या फुटीच्या टोकाला फुलते. थंडी ओसरताच सगळ्या फांद्या एक तृतीयांश कमी करा, काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, पाव इंच वर. कोरांटीचा बहर संपला की जमिनीपासून फूटभर ठेवून कापा. तगर बहराच्या दोन लाटांमध्ये हलकी छाटा. आणि एक कळकळीची विनंती, मोठ्या कात्रीने झुडपं वरून सपाट कापून त्यांचे ठोकळे करू नका. तगर आणि एक्झोरासारख्या झाडांची फुलं फांदीच्या शेंड्याला येतात. दर महिन्याला शेंडे गेले तर वर्षभर हिरवी भिंत उभी राहते, फूल एकही नाही. फांदी आत हात घालून, सांध्याशी एकेक कापायची. वेळ दुप्पट लागतो, पण झाड झाडासारखं दिसतं.

उंबरठा
फार मदत झाली. व्हिनेगर टाकून पाहिलं, दोन्ही वाट्या चांगल्याच फसफसल्या. निचरा तासाला पाऊण इंच. म्हणजे वाफे उंच करायचे. कण्हेर, बोगनवेल आणि एक्झोरा गाळले. अनंत मात्र सोडवत नाही, त्या वासासाठी. पायरीच्या दोन्ही अंगांना कुंडीत चालेल का? वाटेच्या दोन्ही कडांना फिकट निळा चित्रक लावावा असंही मनात आहे. आणि झुडपं इतक्या अंतरावर लावली तर पहिलं वर्ष अंगण रिकामं दिसेल, त्याचं काय?

मातकट
अनंत कुंडीत चालेल, किंबहुना तुमच्याकडे कुंडीतच चालेल. १४ इंची कुंडी, धुतलेलं कोकोपीट २ भाग, पानांचं कुजलेलं खत २ भाग, लाल माती १ भाग. शेजारच्या झाडाखालचा पाला साठवलात तर खत घरचंच होईल. कुंडी सकाळचं ३-४ तास ऊन मिळेल अशी ठेवा. पाणी पावसाचं साठवलेलं घाला. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार नसतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी चुकूनही घालू नका, त्यात बोअरच्या पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. अनंताच्या कळ्या फुलण्याआधी गळतात त्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे माती एकदा कोरडी खडखडीत आणि एकदा चिखल. बोट दोन पेरं घालून पाहा, ओल कमी झाली की पाणी.

अबोलीलाही चुना फारसा मानवत नाही, तिच्या ओळीत शेणखत जास्त घाला. तिला मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा त्रासही होतो. लावताना रोपामागे २०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा.

पानं पिवळी पडली तर आधी कोणती पानं ते पाहा. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र. लोहासाठी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर फवारा, १०-१२ दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. हे मातीत ओतण्यात अर्थ नाही, चुना त्याला लगेच बांधून टाकतो. मातीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (चुन्यापासून जपून ठेवलेलं, मुळांना उचलता येणारं) घ्या, ईडीटीए प्रकारचं तुमच्या मातीत टिकणार नाही. फवारताना फरशी झाका. फेरस सल्फेटचे तपकिरी डाग निघत नाहीत.

रानजाई
चित्रक वाटेच्या कडेला नको. त्याच्या फुलाच्या बुडाशी असलेल्या आवरणावर चिकट केस असतात, येता-जाता फुलं कपड्यांना चिकटतात. फांद्याही लोळतात, ४ फुटांची वाट सहा महिन्यांत अडीच फुटांची होईल. डाव्या वाफ्यात कुंपणाच्या भिंतीशी, जास्वंदीच्या पुढे एकच लावा, तिथे तो लोळला तरी सुंदर दिसतो. वाटेच्या कडेला पेंटासच ठेवा, तीही एकाच रंगाची. प्रत्येक रंगाचं एकेक आणलं तर फाटकातून पाहताना नजर कुठेच ठरत नाही.

पहिल्या वर्षीच्या रिकाम्या जागेसाठी झुडपं दाटीने लावू नका. दाटीत वारा खेळत नाही आणि पिठ्या ढेकूण, ही कापसासारखी पांढरी रसशोषक कीड, ठाण मांडतो. मधल्या जागेत हंगामी बी पेरा: पावसाळ्यात तेरडा, मग उन्हाच्या बाजूला झेंडू आणि झिनिया. दुसऱ्या वर्षी झुडपं स्वतःच जागा भरतात.

नर्सरीत फुलांनी लगडलेलं उंच रोप निवडू नका. खालपासून तीन-चार फांद्या फुटलेलं, बुटकं घ्या. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आलेली असतील आणि आत ती गोल गुंडाळली असतील तर ते रोप जमिनीतही तशीच मुळं फिरवत बसतं. तसंच आणावं लागलं तर गुंडाळीला बाजूने तीन ठिकाणी उभी चीर देऊन मुळं मोकळी करा.

छाटणीवाला
जास्वंदीच्या कळ्या गळू लागल्या तर गळलेली कळी उभी चिरून पाहा. आत बारीक पांढरट-पिवळ्या अळ्या दिसल्या तर ती कळीतली माशी. गळलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत बंद करून टाका, कंपोस्टमध्ये नाही. मातीत पडू दिल्या तर अळी तिथेच कोषात जाते आणि पुढची पिढी तयार. पिठ्या ढेकणासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरमागे ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली साबणाचं द्रावण, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनेही. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर तीही थांबवावी लागेल, ढेकणांना त्याच जपतात.

मातकट
लावणीबद्दल शेवटचं. वाफे उन्हाळ्यातच खणून, खत मिसळून ठेवा, म्हणजे माती बसते. लावणी दोन चांगले पाऊस झाल्यावर, संध्याकाळी. रोपाचा गड्डा भोवतालच्या मातीपेक्षा इंचभर वर राहू द्या, काळी माती पुढे खचते आणि खोड पुरलं जातं. आच्छादन पाल्याचं, २ ते ३ इंच, पण खोडापासून ४ इंच लांब.

रोज पाणी घालता येईल म्हणालात, तरी रोज घालू नका. पावसाची उघडीप असेल तर पहिले ८ आठवडे दोन-तीन दिवसांनी झाडामागे ८-१० लिटर, आळ्यात सावकाश. नंतर आठवड्यातून एकदा भरपूर, उन्हाळ्यात दोनदा. रोज थोडं थोडं पाणी मुळांना वरच्या दोन इंचांतच ठेवतं आणि क्षारही तिथेच साठवतं. आळं खोडाला टेकू न देता फांद्यांच्या टोकांच्या घेराइतकं करा आणि झाड वाढेल तसं दर वर्षी बाहेर सरकवा.

उंबरठा
कळलं. बुटकी तगर ५, जास्वंद १, चित्रक १ आणि वाटेकडेला पेंटास. उजवीकडे दुहेरी तगर १, अबोली ५, निळी कोरांटी ३. अनंताच्या कुंड्या २. वाटेची उजवी कड अजून मोकळी आहे, सावलीत पेंटास होईल का?

रानजाई
३ तासांत ती लांबट होऊन आडवी पडेल. तिथे अबोलीचीच आणखी ६ रोपं दीड फुटावर लावा, फरशीपासून फूटभर आत. खिडकीखालची ओळ आणि वाटेची कड एकाच रंगात आली की तो वाफा मोठा दिसेल.