विषय: नाइन एमएमचं काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसत नाही

नमस्कार मंडळी,
दोन महिने झाले नाइन एमएम रीलोड करतोय, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या परत भरून काडतुसं बनवतोय, सगळं ठीक चाललं होतं पण आता शिशाच्या बुलेट घेतल्या आणि दहातली एक-दोन काडतुसं चेंबरमध्ये (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) अडकायला लागली, स्लाइड दोन-तीन मिलिमीटर उघडीच राहते. क्रिंप (बुलेटभोवती पुंगळीचं तोंड मिटवणं) कमी पडतोय वाटलं म्हणून डाय (ते करणारा साचा) अर्धा फेरा खाली घेतली तर त्रास वाढलाच. अजून खाली घेऊ का?

---

अरे थांब, अजून खाली अजिबात नको! आणि स्लाइड तळव्याने ठोकून बंद करत असशील तर तेही आधी सोड.

नाइन एमएम चेंबरात ब्रासच्या, म्हणजे पितळी पुंगळीच्या, तोंडावर टेकतं, .३८ स्पेशलसारखं (रिव्हॉल्वरचं काडतूस) मागच्या रिमवर (बाहेर आलेल्या कडेवर) नाही, म्हणून इथे तोंड आत वळवायचं नसतं. बुलेट बसवायला आपण जेवढं फाकवतो तेवढं परत सरळ करायचं, क्रिंपचं काम तेवढंच, बुलेट धरून ठेवतो तो साइझिंगचा (पुंगळी आधी आवळून मापात आणण्याचा) घट्टपणा. जास्त दाबलंस की शिसं दबतं ते दबलेलंच राहतं, पितळ मात्र थोडं परत उसळतं, म्हणजे पकड उलट सैल होते. अशी बुलेट फीड होताना आत सरकली तर प्रेशर झपकन वाढतं, आतली जागाच किती असते त्यात. हे मी फार गांभीर्याने सांगतोय.

आधी कुठे घासतंय ते शोध. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून बॅरल बाहेर काढ, प्रायमर-पावडर न घालता दोन-तीन डमी बनव, मार्करने पूर्ण काळी कर आणि एकेक चेंबरात सोड. टक् वाजून बसलं पाहिजे, बोटाने फिरलं पाहिजे, बॅरल उलटी केली की आपोआप पडलं पाहिजे. शाई बुलेटवर खरवडली तर ती रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांना) लागतेय, थोडी आत बसव, पण मग पावडरचा चार्ज मॅन्युअल बघून परत खालून सुरू करायचा. तोंडाच्या कडेवर खरवडली तर फाकवलेलं पूर्ण मिटलं नाहीये. तोंडाच्या जरा खाली फुगवटा असेल तर क्रिंप जास्त झालाय, आणि पार बुडाशी असेल तर साइझिंग डाय पूर्ण खाली येत नाहीये.

---

काका, केलं. तोंडाच्या जरा खाली एकाच बाजूला घासतंय, आणि तोंडापाशी शिशाची बारीक कडी निघालीय. बुलेट बसवणं आणि क्रिंप मी एकाच डायने करतो.

---

मग सापडलं! बुलेट अजून खाली जातेय तेवढ्यात तोंड मिटतंय, म्हणून शिसं सोललं जातं. दोन्ही कामं वेगळी कर, आधी सगळ्या बुलेट बसव, मग क्रिंप. फाकवणं किंचित वाढव, शिशाची बुलेट जॅकेटवालीपेक्षा (धातूचं आवरण असलेलीपेक्षा) सहसा हजारांश इंच जाड असते. क्रिंप डाय पूर्ण वर घेऊन थोडी थोडी खाली आण, कॅलिपरवर तोंडाशी ०.३७८-०.३७९ इंच आलं की थांब, कमाल मर्यादा ०.३८० आहे. मग एक डमी पुलरने (बुलेट उपसून काढायचं हत्यार) उघडून बघ, बुलेटवर नुसती पुसट रेघ चालेल, खाच पडली असेल तर अजून जास्तच आहे. शेवटी एक डमी टेबलाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबून परत मोज, लांबी जराही कमी व्हायला नको.

आधी बनवलेली सगळी मात्र पुलरने उघड, त्यातली जी चेंबरात नीट बसतात तीसुद्धा.