बीटा ब्लॉकर आणि पन्नाशीतली नाडी

मेटोप्रोलॉल सुरू झाल्यापासून वडिलांची नाडी ५०-५२ येतेय, तर गोळी बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःहून अजिबात बंद करू नका. ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी, ठोके कमी करणं हा तिच्या कामाचाच भाग. एकदम थांबवली तर ठोके आणि बीपी दोन्ही उसळतात, आणि हृदयविकार असेल तर अटॅकपर्यंत मजल जाऊ शकते. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

माझ्या आईची नाडीही पन्नाशीतच असते. जिना चढते, भाजी आणते, चक्कर नाही. म्हणून डॉक्टरांनी ईसीजी बघून गोळी तशीच ठेवली. वडिलांना उठताना अंधारी येते का, दम लागतो का, नेहमीपेक्षा जास्त गळून जातात का, ते बघा. तसं असेल तर लगेच दाखवा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि एक गोष्ट हमखास सांगायची राहते: काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू आहेत का? तोही बीटा ब्लॉकरच. डोळ्यातून नाकात, तिथून रक्तात उतरतो आणि ठोके आणखी मंदावू शकतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल या बीपी-हृदयाच्या गोळ्या बीटा ब्लॉकर नाहीत, पण त्यांनीही ठोके मंदावू शकतात. बीपीच्याच अ‍ॅम्लोडिपिनने मात्र सहसा नाडी कमी होत नाही. नाडी मंद असण्यामागे थायरॉइडही असू शकतो, तोही तपासून घ्या.

ठोके अनियमित असतील तर बीपीच्या मशीनवरचा नाडीचा आकडा चुकू शकतो. मनगटावर अंगठ्याखाली बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा.