स्वस्त कपडे विकत घेताना ग्राहकाची जबाबदारी कुठपर्यंत?

मृण्मयी_ठाणे:
मुलीसाठी मॉलमधून आणलेल्या तीन टीशर्टांपैकी दोहोंवर ‘मेड इन बांगलादेश’ असे लेबल आहे. ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ११०० हून अधिक कामगार दगावले, त्यांत बहुतांश बायका होत्या, हे तेव्हा वाचल्याचे आठवते. असे कपडे घेणे बंद करावे असे वाटते. पण त्याने तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे भले होईल की तिचा रोजगार जाईल, हे ठरवता येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उसवण:
बहिष्काराचा अनुभव तिथे एकदा घेऊन झाला आहे. बालमजुरीतून बनलेल्या मालाची आयात रोखणारे विधेयक सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत मांडले. ते मंजूर झालेच नाही. मात्र नुसत्या धास्तीने बांगलादेशातील मालकांनी हजारो मुलांना कामावरून काढून टाकले आणि त्यांतली कित्येक मुले शाळेत न जाता खडी फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांना लागली, असे युनिसेफने १९९७ च्या अहवालात नोंदवले. हेतू चांगला होता, एवढेच म्हणता येईल.

जुना_मर्चंडायझर:
निर्यातीच्या कपड्यांच्या धंद्यात माझी बारा वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. महाग कपडा घेतला की मजुरी चांगली मिळाली असेल, हा समज आधी सोडावा. एकाच कारखान्यात सकाळी एका महागड्या कंपनीचा आणि दुपारी एका स्वस्त कंपनीचा माल त्याच बायका शिवतात. ग्राहक कंपनी, म्हणजे जिच्या नावाने कपडा विकला जातो ती, कारखान्याला द्यायचा दर खाली ओढते, डिझाइन शेवटच्या आठवड्यात बदलते आणि माल पाठवण्याची तारीख मात्र तीच ठेवते. मग ओव्हरटाइम लागतो, किंवा काम गुपचूप एखाद्या लहान कारखान्याकडे जाते, जिथे तपासनीस कधी पोहोचतच नाही. तपासणीचेही फार कौतुक नको. राणा प्लाझातील काही कारखान्यांची तपासणी आधी झालेली होती.

राणा प्लाझाबाबत मला सर्वांत जास्त खटकते ती आदल्या दिवसाची गोष्ट. २३ एप्रिलला भिंतींना तडे दिसले, तेव्हा खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली. दुसऱ्या दिवशी बँकेचे कर्मचारी आले नाहीत. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन आत बोलावले गेले. तडे सर्वांनी पाहिले होते, पण ‘आम्ही आत जाणार नाही’ असे म्हणण्यासाठी पाठीशी संघटना लागते, आणि ती त्यांच्याकडे नव्हती.

मृण्मयी_ठाणे:
म्हणजे लेबल पाहून काहीच कळत नाही, असेच ना? मग विकत घेणाऱ्याने नेमके विचारायचे काय?

जुना_मर्चंडायझर:
एक प्रश्न विचारता येतो: कंपनीने ‘अॅकॉर्ड’वर सही केली आहे का? बांगलादेशातील कारखान्यांच्या सुरक्षिततेचा हा करार मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि ग्राहक कंपन्यांमध्ये झाला, पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. तो कायद्याने बंधनकारक असल्यामुळे, आणि धोकादायक इमारतीत काम नाकारण्याचा हक्क कामगाराला देत असल्यामुळे, आधीच्या ऐच्छिक आचारसंहितांपेक्षा वेगळा ठरला. आगीचे दरवाजे, विजेची जोडणी, खांबांची दुरुस्ती यांत खरोखर फरक पडला.

उसवण:
त्यात मजुरीचा मुद्दा नाही, हेही सांगायला हवे. २०२३ मध्ये काही संघटनांनी किमान मासिक वेतन २३,००० टका (बांगलादेशी चलन) मागितले आणि सरकारने १२,५०० ठरवले. त्या आंदोलनात कामगारांचे जीवही गेले. दर तसेच ठेवून ग्राहक कंपन्या वेतनवाढीला नुसता शाब्दिक पाठिंबा देत असतील, तर वाढीव पैसा कारखानदार कुठून आणणार? म्हणून विचारायचे असेल तर दराबद्दलही विचारा. उत्तर बहुधा येणार नाही, पण पत्र पाठवायला हरकत नाही.

ताई_चर्चगेट:
मॉलमधल्या कपड्याला निदान लेबल तरी आहे. फॅशन स्ट्रीटवर आम्ही ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून जे उचलतो, त्याचे लेबल बऱ्याचदा कापलेले असते. तिथे पत्र कोणाला लिहायचे?