स्वयंभूला पायऱ्यांनीच चढावे का?

पायवाट:
काठमांडूला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक सहलींची गाडी टेकडीला वळसा घालून स्वयंभूनाथच्या वरच्या वाहनतळावर पोचते आणि अर्ध्या तासात स्तूप 'झाला' म्हणून मंडळी परततात. ज्याचे गुडघे धड आहेत त्याने पूर्वेकडच्या ३६५ पायऱ्यांनीच चढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पायथ्याशी बुद्धाच्या मोठ्या रंगीत मूर्ती, वाटेत झाडीतली माकडे, पुढे लोखंडी कठडा धरून चढावा लागणारा खडा टप्पा, आणि धाप लागलेली असतानाच समोर येणारे भले थोरले वज्र व त्यामागचा स्तूप, हा क्रम विचारपूर्वक रचलेला आहे. मागच्या दाराने शिरणाऱ्याला तो उलटा दिसतो.

उंबरठा:
क्रम रचलेला आहे हे मान्य, पण तो कधीचा? ते वज्र राजा प्रताप मल्लाने सतराव्या शतकात बसवले आणि पायऱ्यांचे श्रेयही त्यालाच देतात. स्तूप त्याहून कितीतरी जुना आहे. म्हणजे आपण जिला खरी वाट म्हणता ती त्या काळची सोय होती, गाडीरस्ता ही आजची. स्तूपावर रंगवलेले बुद्धाचे डोळे तर चारही दिशांना आहेत, त्यामुळे कोणीकडूनही आलात तरी ते आपल्याकडे बघतातच. शिवाय शेजारीच हारितीचे, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळच्या नेवार लोकांच्या अजिमाचे देऊळ आहे. ती लेकरांची राखण करणारी, देवीच्या रोगापासून वाचवणारी, म्हणून बौद्ध आणि हिंदू दोघेही पूजेचे ताट घेऊन तिच्याकडे येतात. (त्या रोगालाच आपण 'देवी' म्हणत आलो, तेव्हा हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.) कडेवर तान्हे आणि सोबत आजी असलेल्या घराला गाडी आणू नका असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पायवाट:
भाविकांना मी काहीच सांगत नाही, माझा रोख सहलींवर आहे. डोळ्यांच्या मधे, नाकाच्या जागी काढलेला आकार म्हणजे आपलाच देवनागरी एकचा आकडा आहे, हे गाडीतून उतरून गाडीत बसणाऱ्या किती जणांच्या लक्षात येते?

उंबरठा:
तो दोष घाईचा, रस्त्याचा नव्हे. माझी आई गाडीनेच वर गेली आणि अजिमापुढे एका कुटुंबाची पूजा पाहत दोन तास बसून राहिली.

सांजवेळ:
चढताना गाडी आणि उतरताना पायऱ्या, असे केल्यास दोघांचेही समाधान होईल.

पायवाट:
माझे होणार नाही. उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट, शिवाय सगळा वेळ पाठ स्तूपाकडे.