मे महिन्यात इटली, १० रात्री, आई-वडील आणि दोन लेकरं सोबत : किती शहरं घ्यावीत?

लातूरकर_८२
नमस्कार मंडळी. लातूरहून सहा जण निघणार आहोत. आम्ही दोघं, आई-वडील (६४ आणि ६८, आईचे गुडघे दुखतात), लेकरं १० आणि ६ वर्षांची. मेचा दुसरा आठवडा धरलाय. यादीत मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स, पाँपेई आहे. टूर कंपनी नको, स्वतःच ठरवायचंय. यातलं काय ठेवावं, काय गाळावं? उत्पन्न शेतीचं आणि कृषी सेवा केंद्राचं आहे, व्हिसाला कोणते कागद लागतील? आणि घर पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. जेवणाचं कसं जमवावं?

गोदाकाठ
सात ठिकाणं घेतलीत तर निम्मा वेळ बॅगा भरण्यात जाईल. रोम ५ रात्री, फ्लॉरेन्स ३, व्हेनिस २, बस. पाँपेईत सावली जवळपास नाही आणि रस्ते उंचसखल दगडांचे, आईंना फार जड जाईल. विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढा, जाताना मुंबई-रोम, येताना व्हेनिस-मुंबई. रोमला परत यायचा अख्खा दिवस वाचतो.

आता आधी वार बघा, मग तिकिटं. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे आपल्याला पाठ असतं. बाहेरगावची माणसं मात्र सोमवारी फर्दापूरपर्यंत येऊन हात हलवत परत जातात. इटलीत आपण बाहेरगावचे. फ्लॉरेन्सचं उफीझी हे चित्रसंग्रहालय आणि जिथे मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आहे ते अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते सकाळी फुकट उघडं असतं, पण त्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. रोमचं कोलोसियम (प्राचीन गोल रंगमैदान) हेही महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतं, पण त्या दिवशी आगाऊ बुकिंग नसतं, उन्हात रांगेत उभं राहावं लागतं.

कोलोसियमची तिकिटं अधिकृत साइटवर ३० दिवस आधी खुली होतात आणि चांगल्या वेळा लवकर संपतात. साधं तिकीट १८ युरो, त्यातच रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते, २४ तास चालतं. १८ वर्षांखालच्यांना फुकट, पण त्यांचंही शून्य रुपयांचं तिकीट काढावंच लागतं. तिकिटावर नाव असतं आणि दारात ते ओळखपत्राशी ताडून बघतात. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, आडनावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं असतं. सहाही पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरा. व्हॅटिकनचं तिकीट २० युरो आणि ऑनलाइन बुकिंगचे वर ५, तारखा ६० दिवस आधी खुल्या होतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईंच्या साडीला काही अडचण नाही, बर्म्युडा घातलेल्यांना मात्र आत सोडत नाहीत.

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ४६३ पायऱ्यांचा आहे, लिफ्ट नाही. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, पुढच्याच्या पाठीमागून सरकावं लागतं, तसाच अरुंद जिना. एकदा वर निघालं की मधेच मागे फिरता येत नाही. आई-वडिलांना खाली कॅथेड्रलच बघू द्या, तिथे तिकीट नाही. पिसा फ्लॉरेन्सहून रेल्वेने साधारण तासाभरावर, अर्ध्या दिवसात होतं. पण तिथल्या झुकत्या मनोऱ्यावर ८ वर्षांखालच्या लेकरांना सोडत नाहीत, म्हणजे धाकट्याला खालीच थांबावं लागेल. त्याला आधीच सांगून ठेवा.

अंबाजोगाईचा_वाटसरू
व्हिसाचं मी सांगतो. शेंगेन व्हिसाची (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, सहाच्या आत काही नाही. म्हणजे तुमच्या दोन्ही लेकरांना ४५. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या ६ महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत, आणि १५ दिवसांपेक्षा उशीर चालत नाही. मेसाठी फेब्रुवारीतच तारीख धरा, मार्चनंतर गर्दी वाढते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू हवा. विमा किमान ३०,००० युरोचा. वडिलांचा विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका. नाहीतर गरजेच्या वेळी दावा फेटाळला जातो.

शेतीच्या पैशांत खरी अडचण अशी की सोयाबीन-तुरीचे पैसे एकदम खात्यावर येतात. स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या तोंडावर मोठी रक्कम दिसली की तपासणाऱ्याला ती उसनी आणून भरल्यासारखी वाटते. म्हणून त्या रकमेशी जुळणारी आडत्याची पट्टी, सातबारा आणि आठ-अ जोडा, सोबत इंग्रजी अनुवाद. कृषी सेवा केंद्राचा परवाना, जीएसटी नोंदणी आणि आयटीआर तर हवेतच. आई-वडिलांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नातं दाखवणारा कागद लावा. लेकरांचे जन्मदाखले मराठीत असतील तर त्यांचाही अनुवाद. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं एकही तिकीट काढू नका. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं तर लातूर-मुंबई एक्स्प्रेसचा रात्रीचा प्रवास सोयीचा, पण गाडी उशिरा आली तर वेळ हुकते. आदल्या दिवशीच पोहोचा.

पैठणी_धागा
जेवणाबद्दल. ‘पिझ्झा मारिनारा’ नावावरून माशाचा वाटतो, पण त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं, चीजही नाही. तुमच्यासाठी तो सगळ्यात बिनधोक. पार्मेझान चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा घटक) वापरून करतात. ते चालत नसेल तर पास्त्यावर ‘सेन्झा पार्मिजानो’ सांगा. ताज्या पास्त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. वाळलेला पास्ता साधारणपणे गहू आणि पाण्याचा, तरी विचारून घ्या, ‘सेन्झा उओवा’ म्हणजे अंडं नको. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचं दिसतं, पण मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी रक्कम लागते. ती बसण्याची आणि पावाची, फसवणूक नव्हे.

पाणी विकत घेऊ नका. रोममध्ये रस्त्यात लोखंडी नळ सतत वाहत असतात, त्यांना ‘नासोनी’ म्हणतात. नळाच्या वाकड्या तोंडाला खालून बोट लावलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं, तिथून प्यायचं. लेकरांना फार आवडेल. हॉटेलच्या न्हाणीघरात बिडे (शौचानंतर धुण्यासाठीचं नळाचं भांडं) असतो, त्यामुळे आई-वडिलांची पाण्याची अडचण होत नाही.

गोदाकाठ
व्हेनिसचं राहिलं. तिथे गाडी-रिक्षा काहीच नाही, आणि पुलांना पायऱ्या असतात. दोन जड बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन पाच पूल ओलांडणं म्हणजे दिवस वाया. हॉटेल सांता लुचिया स्टेशनजवळ घ्या, किंवा अलीकडे मेस्त्रेत राहा, तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटं. तिकीट काढताना ‘व्हेनेझिया सांता लुचिया’ आणि ‘व्हेनेझिया मेस्त्रे’ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत हे ध्यानात ठेवा. वाफोरेत्तो बोटीचं एक तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. ग्रँड कॅनॉल बघायला १ नंबरची बोट पुरे.

साध्या ‘रेजोनाले’ गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून छाप मारून घ्यायचं. तिकीट खिशात असूनही छाप नसेल तर दंड होतो.

लातूरकर_८२
फार फार आभार. एकच राहिलं. घरच्या केशर आंब्याची पेटी आणि तूप नेता येईल का?

पैठणी_धागा
दोन्ही नाही. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, त्यात तूप आलं. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. अननस, नारळ, केळी, खजूर असली मोजकी फळं सोडून, आंबा त्यात नाही. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, तेलात केलेले धपाटे आणि भाजलेले पोहे घ्या. चटण्या दोन पिशव्यांत बांधून चेक-इन बॅगेत टाका.